पाण्यातला किल्ला

इथलं ऊन आडवं येतं.

डोंगर नाही, टेकडी नाही, उन्हाला उतरायला एक पायरी नाही. सगळा मुलूख कापायला पसरलेल्या ताग्यासारखा सपाट. आधी पवनचक्कीचं एक पातं लाल होतं. मग चर्चच्या मनोऱ्यावरचा पत्र्याचा कोंबडा. मग गाईंच्या पाठी, मग गवत, आणि सगळ्यांत शेवटी पाणी. पण पाणी एकदा उजळलं, की दिवसभर विझत नाही.

जमिनीला उंची नाही, म्हणून सगळी उंची आभाळानं घेतलेली. निळं आभाळ, करडं आभाळ, ढगांचं आणि वाऱ्याचं आभाळ. माणूस दाराबाहेर आला, की ते त्याच्या गुडघ्यांपासूनच सुरू होतं.

असल्या त्या आभाळाच्या देशात सोपान बगाडे उन्हाळाभर राहिले, आणि कितीतरी दिवस त्यांनी आभाळ पाहिलंच नाही.

त्यांची मान खाली होती.

ती मान तशी जन्मभराचीच खाली. कोरेगावच्या पेठेत त्यांचं शिलाईचं दुकान. शिंप्याचे डोळे सुईच्या टोकाला बांधलेले असतात. सुई खाली, डोळे खाली. पाय तेवढे चालतात. पायडल हलतं, चाक फिरतं, पट्टा सळसळतो, कापड पुढं जातं, माणूस तिथंच. सारा जन्म सोपानराव पाय मारत राहिले, आणि सारा जन्म एका जागी बसून राहिले.

फिरायची ती मालन.

मालन त्यांची बायको, बालवाडीची बाई. हिरव्या रंगाची लेडीज सायकल, पुढं टोपली, टोपलीत मुलांची चित्रं, आणि मागं कॅरिअरवर कधीकधी घरी जायला तयार नसलेलं एखादं पोर. पेठेतून ती गेली, की घंटीच्या आवाजानं कळायचं किती वाजले ते. सोपानरावांना सायकल येत नव्हती. लहानपणी शिकायचं राहून गेलं, मोठेपणी लाज वाटली, आणि नंतर गरज उरली नाही. संध्याकाळी मालन दुकानापाशी उतरायची. ते कुलूप लावायचे. मग सायकल मधे धरून दोघं घरी चालत जायची. एका अंगाला ती, एका अंगाला ते, मधे दोन चाकांची टिकटिक.

शेजारच्या दुकानात बांगड्या भरता भरता दिनकर कासार रोज ओरडायचा, "बाई चाकावर, बुवा पायावर!"

आणि मालन रोज हसायची. त्याच त्या थट्टेला ती रोज नवं हसू द्यायची. तिच्यापाशी ते पुष्कळ होतं.

दिवाळी आली, की मालनचे हात मातीत.

दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत पोरं दगड आणायची, विटांचे तुकडे आणायची, भिजवलेलं गोणपाट आणायची. त्यावर तांबडी माती. मातीवर मोहरी पेरायची, म्हणजे चार दिवसांत डोंगर हिरवा. वळणावळणाचा रस्ता, तटावर मातीचे मावळे, आणि सगळ्यांत उंच जागी महाराजांचं सिंहासन. मालनबाईंचा किल्ला बघायला वरच्या आळीतलीही माणसं यायची. किल्ला म्हणजे डोंगर. किल्ला म्हणजे चढ. किल्ल्याकडं बघायचं म्हणजे मान वर करायची.

पण गेल्या दिवाळीच्या आधी सारिकाचा फोटो आला.

सारिका त्यांची मुलगी, नवऱ्याबरोबर हॉलंडमध्ये राहणारी, नदीकाठच्या वेस्प नावाच्या गावात. फोटोत एक किल्ला होता. विटांचा, चौकोनी, चार कोपऱ्यांना चार गोल बुरूज. आणि तो डोंगरावर नव्हता. पाण्यात होता. चारी बाजूंनी पाणी, आणि पाण्यातून थेट वर आलेली भिंत, जशी तळ्यातून म्हैस उठावी तशी.

मालननं तो फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला, लांब धरून पाहिला.

"यंदा हा करायचा," ती म्हणाली.

केला. खंदक खणला, खंदकात प्लास्टिक अंथरलं, मधे चार बुरूज उभे केले, पोरांनी कळशीनं पाणी ओतलं. रात्री पणत्या लागल्या तेव्हा खंदकात दुप्पट पणत्या दिसल्या. सगळी आळी बघत उभी राहिली.

सकाळी दोन बुरूज बसले होते. दुपारपर्यंत भिंत गेली. संध्याकाळी खंदकात तांबडं पाणी, आणि पाण्यात छातीपर्यंत बुडालेले मावळे.

"वहिनी," दिनकर म्हणाला, "किल्ला पडलेला लई ऐकलाय. विरघळलेला पयल्यांदाच बघितला!"

"तिकडं उभा आहे, दिनकरभावजी. फोटो खोटा असतो काय?"

"फोटो ऱ्हाऊ द्या. पाण्यात किल्ला उभा ऱ्हातो हुय? पायाच भिजला की वं."

मालननं पदरानं हात पुसले. "जाऊन बघून येते. मग तुमच्याशी बोलते."

त्या रात्री जेवताना ती मधेच थांबली. "अहो, खाली काय घातलं असेल हो त्यांनी?"

"जाऊन बघू," सोपानराव म्हणाले.

"सारिका म्हणते, तिकडं किल्ल्यावर सायकलनं जातात. मी चालवीन, तुम्ही मागं बसा."

"मी? कॅरिअरवर? दिनकरनं बघितलं म्हणजे?"

"तिकडं कुठला आलाय दिनकर!"

दोघं हसली. हसता हसता तिला ठसका लागला, त्यांनी पाणी दिलं. एवढंच. माघात, थंडी सरता सरता, मालन एका दुपारी बालवाडीतून आली, सायकल भिंतीला टेकवली, जरा पडते म्हणाली, आणि उठली नाही.

सायकल भिंतीला टेकलेली राहिली. सोपानरावांची मान खाली गेली ती गेली.

सारिकानं त्यांना तिकडच्या उन्हाळ्यात आपल्याकडं आणलं. घर नीटनेटकं, खिडकीत फुलं, खिडकीखाली कालवा. सोपानराव खिडकीपाशी बसायचे आणि खालची फरशी बघायचे. फरशीचे सांधे सरळ होते. त्यांना तेवढं बरं वाटायचं.

"आप्पा, तो आईचा किल्ला बघायला जायचं ना?" सारिका एका सकाळी म्हणाली. "गाडीनं गेलं की लगेच येतो."

"गाडीनं नको."

"मग?"

"सायकलनं."

सारिका बघतच राहिली. "आप्पा, तुम्हाला सायकल येत नाही."

"ठाऊक आहे मला."

"मग मी चालवते, तुम्ही मागं बसा."

सोपानरावांनी नाही म्हणून मान हलवली. मग फरशीकडं बघत म्हणाले, "मागं बसायचं ते तिच्या मागं. आता ती नाही, तर मलाच चालवायला पाहिजे. आणि दिवाळीला बालवाडीची पोरं दारात येणार. बाईंचा किल्ला कधी करायचा, विचारणार. मला करायचाय. तोच. पाण्यातला. पण खाली काय घालायचं ते कळल्याशिवाय कसा करू?"

शेजारी योहाना राहायची. ऐंशी ओलांडलेली, पांढऱ्या आखूड केसांची, एकटी. ती सायकलवर बाजारात जायची, सायकलवर दवाखान्यात जायची, नवऱ्याच्या कबरीवर फुलं ठेवायला सायकलवर जायची. सारिकानं तिला सगळं सांगितलं. योहाना आत गेली, आणि आपली जुनी सायकल ढकलत बाहेर आली. काळी, जड, पुढं टोपली, मधे दांडा नसलेली. लेडीज.

सोपानरावांनी सायकलीवरून हात फिरवला. मालनच्या सायकलीचा बांधा असाच होता.

मग घरामागच्या फरसबंदीवर रोज सकाळी एक खेळ सुरू झाला. योहाना डच बोलायची, सोपानराव मराठी बोलायचे, आणि सायकल दोघांचंही ऐकायची नाही.

ते चढायचे, पाय मारायचे, डोळे चाकावर. चाक डगमगायचं, ते चाकाकडं आणखी वाकून बघायचे, चाक आणखी डगमगायचं, आणि मग फरशी, कोपर, गुडघा.

योहाना काहीतरी रागानं बोलायची.

"होय बाई, खरं आहे तुमचं," सोपानराव उठत म्हणायचे. "पण चाक कुठं चाललंय ते बघायला नको?"

एकदा ती जवळ आली. दोन बोटं तिनं त्यांच्या हनुवटीखाली लावली, आणि मान वर उचलली. खूप दिवस न उघडलेलं दार उघडावं तशी, हळू, करकरत. समोर लांबवर चर्चचा मनोरा होता, मनोऱ्यावर पत्र्याचा कोंबडा. तिनं कोंबड्याकडं बोट दाखवलं. मग पायडलकडं. मग पुन्हा कोंबड्याकडं.

आणि सोपानरावांच्या कानाशी त्यांचाच आवाज आला. दुकानात नव्या कारागिराला ते सांगायचे, लांब शिवण घालताना सुईकडं बघू नको रे. सुई तिचं काम करते. तू सुईच्या पुढं बघ, कापडाच्या काठाकडं बघ. सुईकडं बघशील तर शिवण वाकडी.

जन्मभर दुसऱ्याला सांगितलेलं त्यांनी त्या सकाळी स्वतः ऐकलं.

कोंबड्याकडं बघत त्यांनी पाय मारला. चाक सरळ गेलं. पाय मारला, चाक सरळ गेलं. फरसबंदी संपली, कुंपण आलं, थांबायचं कसं ते शिकायचं राहिलं होतं. ते झुडपात गेले. झुडपातून हसण्याचा आवाज आला. सारिका स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली आणि मधेच थबकली. माघापासून तिनं तो आवाज ऐकला नव्हता.

भाद्रपद लागला. परतीचं विमान जवळ आलं. दोन दिवस पाऊस, तिसऱ्या दिवशी उघडलं. पण वारा सुटला. किल्ल्यापलीकडच्या मोठ्या तळ्याकडून येणारा, सगळ्या सपाटीवर कुणी अडवायला नसलेला, गवताला एका अंगावर निजवणारा वारा.

"आप्पा, आज नको," सारिका म्हणाली. "वारा समोरून आहे. रोज चालवणारी माणसंसुद्धा उतरून चालतात."

"उद्या?"

"उद्या सामान बांधायचं."

"मग आज."

"पडलात तर?"

"पडायला आता शिकलोय की मी." त्यांनी धोतराऐवजी आज पँट घातली होती, उजव्या पायाला कापडाची पट्टी बांधली होती, साखळीत अडकू नये म्हणून. "तू मागनं ये. पण पुढं यायचं नाही. हात द्यायचा नाही. बोलायचं नाही."

"आई मला शिकवताना हेच म्हणायची," सारिका म्हणाली. "फक्त ती मागं धावायची."

योहाना फाटकाशी येऊन उभी होती. तिनं दोन बोटं आपल्याच हनुवटीखाली लावली, आणि मान वर केली.

निघाले.

नदीचं नाव फेख्त. नाव खरखरीत, नदी मऊ. काठाला लव्हाळे, लव्हाळ्यांत बगळे, बगळ्यांच्या पलीकडं बांधलेल्या होड्या, होड्यांवर वाळत घातलेले कपडे. नदी वळते तसा रस्ता वळतो. जसा लुगड्याला काठ, तसा नदीला रस्ता. आणि त्या काठाकाठानं कोरेगावचा एक म्हातारा शिंपी काळ्या लेडीज सायकलवर धावदोरा घालत निघाला.

पाय मार, पुढं बघ. पाय मार, पुढं बघ.

वारा छातीवर आला. वाऱ्यानं शर्टाची पाठ फुगवली, डोळ्यांत पाणी आणलं, कानांत शिट्ट्या घातल्या. सोपानराव पुढं झुकले. मशीनवर जाड कापड आलं, तंबूचं, गोणपाटाचं, की पाय असाच जोरानं मारावा लागतो. चटचट नाही, दमानं, एकेक टाका खोल. वारा म्हणजे जाड कापड. त्यांनी वारा शिवायला घेतला.

पाय मार, पुढं बघ.

एके ठिकाणी खालून घरघर ऐकू आली. मोठा हमरस्ता होता, चिक्कार मोटारींचा. पण तो नदीच्या खालून जात होता. वर नदी, नदीवर होड्या, आणि होड्यांच्या पोटाखालून भरधाव मोटारी. सोपानरावांनी हे पाहिलं आणि ते चकित झाले. नदीच्या पोटाखालून रस्ता नेणारी माणसं, त्यांचा किल्ला पाण्यात का उभा राहणार नाही! मालन, बघितलंस का? बघ. आणि तिला दाखवण्यासाठी त्यांनी खाली पाहिलं.

खाली पाहिलं, आणि पडले.

गवतात नाही, वाटेवर. कोपर फुटलं. जुन्या जखमेवर नवी जखम. सायकल अंगावर, चाक हवेत फिरत राहिलेलं. समोरच्या कुरणातल्या मेंढ्यांनी चरायचं थांबवून एकदम माना वर केल्या.

मागं ब्रेक करकचले. पाऊल वाजलं.

"थांब," सोपानराव न वळता म्हणाले.

पाऊल थांबलं.

ते तसेच बसून राहिले. वारा होता, पाणी होतं, मेंढ्या बघत होत्या. परतायचं म्हटलं तर वारा पाठीशी होता. त्यानं त्यांना उचलून घरी नेलं असतं. परवा विमान होतं. कुणी काही म्हणालं नसतं. दिनकरसुद्धा आता थट्टा करत नाही. मालन गेल्यापासून तो संध्याकाळी दुकानाचं फळकूट लवकर लावतो.

मेंढ्या अजून बघत होत्या.

"काय बघता गं?" सोपानराव त्यांना म्हणाले. "शिंपी पडलेला बघितला नाही कधी?"

मग उठले. सायकल उभी केली. कोपराचं रक्त रुमालानं पुसलं, रुमाल टोपलीत टाकला. पाय टाकला. पायडल दाबलं. मान वर केली. लांब, फार लांब, गवताच्या शेवटच्या रेघेवर, काहीतरी टोकदार दिसत होतं.

पाय मार, पुढं बघ. पाय मार, पुढं बघ. मागून सारिकाच्या चाकांची टिकटिक येत होती. दोन सायकलींची, एका लयीत, जवळ न येता, लांब न जाता.

माउडन गावात नदी संपते. तिथं तळ्याच्या तोंडाशी मोठे लाकडी दरवाजे आहेत, पाणी अडवणारे, पाणी सोडणारे. आणि दरवाज्यांवरून माणसं ये-जा करतात, काठावर बसून कॉफी पितात, होडी वर कशी चढते ते बघतात. सोपानराव तिथं उतरले. उतरून त्यांनी किल्ला शोधायला मान आणखी वर केली.

घरांच्या वर. झाडांच्या वर. ढगांपाशी. किल्ला म्हणजे चढ; मराठी डोळा दुसरीकडं कुठं शोधणार? त्यांनी उजवीकडं पाहिलं, डावीकडं पाहिलं, आभाळ पाहिलं, आणि आभाळात काही नव्हतं.

"नाही गं दिसत," ते म्हणाले. "किती उंचावर आहे?"

बोलायचं नाही म्हटलेलं, म्हणून सारिका बोलली नाही. फक्त तिनं डोळ्यांनी समोर दाखवलं. वर नाही. समोर. झाडांच्या मधून, हाकेच्या अंतरावर, जमिनीला लागून.

तो होता.

विटांचा, चौकोनी. चार गोल बुरूज, बुरुजांवर टोकदार टोप्या. भाजलेल्या भाकरीच्या रंगाच्या भिंती. सातशे वर्षांपेक्षा जुना, सारिका पुढं सांगणार होती. पण तेव्हा तो जुना वाटला नाही, नवा वाटला नाही, ओळखीचा वाटला. दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत एक रात्र पणत्यांच्या उजेडात उभा राहिलेला, आणि सकाळी विरघळलेला. तोच. तिकडून इथं येऊन उभा राहिल्यासारखा.

सोपानरावांनी घंटी वाजवली. वाटेत कुणी नव्हतं. तरी वाजवली. पुन्हा वाजवली. कॉफी पिणारी माणसं वळून बघायला लागली, आणि काळ्या लेडीज सायकलवरचा, कोपर फुटलेला, पायाला पट्टी बांधलेला म्हातारा घंटी वाजवत, मान वर, छाती पुढं, वाऱ्याला कापत त्यांच्या समोरून गेला. एका माणसानं टाळी वाजवली. का ते त्यालाही ठाऊक नसेल.

किल्ल्याला वळसा घालून पुलापाशी सायकल लावली. पुलावर पाय टाकण्याआधी सोपानरावांनी बूट काढले. मग वाकून पुलाच्या पहिल्या दगडाला हात लावला, आणि तो हात कपाळाला.

तिकिटं देणारी बाई लगबगीनं बाहेर आली, काळजीनं काहीतरी विचारू लागली.

"ती विचारते, बूट चावतो का?" सारिकानं सांगितलं.

"तिला सांग, किल्ला आहे. बूट घालून कसं जायचं?"

सारिकानं सांगितलं. बाईनं त्यांच्या उघड्या पायांकडं पाहिलं, मग आपल्याच पायांतल्या बुटांकडं पाहिलं, आणि बाजूला होऊन वाट दिली.

सोपानराव आत गेले नाहीत. त्यांना आतलं नको होतं. झुंबरं, तलवारी, पलंग नको होते. ते पुलाच्या कठड्याशी उभे राहिले आणि त्यांनी खाली पाहिलं.

वारा खंदकावरून धावत होता. पाणी करडं, चुरगळलेलं, जसं इस्त्री न केलेलं कापड. भिंत त्या पाण्यात सरळ उतरलेली, आणि त्याखाली काही दिसत नव्हतं. अंधार, शेवाळ, सुरकुत्या. बस.

"तिला विचार," ते म्हणाले, "खाली काय घातलंय?"

सारिकानं विचारलं. बाई खूप बोलली, हात हलवत, हसत. "ती म्हणते, इतकं तिलाही ठाऊक नाही. उभा आहे, एवढं ठाऊक आहे."

सोपानराव हळूहळू परत फिरले. इतक्या लांबून आलो. इतका वारा शिवला. आणि सुरकुत्यांशिवाय काही नाही. पोरं दारात येतील, काय सांगू? अनवाणी ते खंदकाच्या काठाकाठानं चालू लागले, ओल्या गवतातून. एक बुरूज ओलांडला. दुसरा बुरूज ओलांडला.

आणि वारा थांबला.

थांबला नाही, भिंतीनं अडवला. किल्ल्याच्या पाठीमागं वारा पोचतच नव्हता. तिथं पाणी निजलेलं होतं, गुळगुळीत, घडी न मोडलेल्या नव्या रेशमासारखं. आणि त्या पाण्यात किल्ला होता.

पुरा किल्ला. उलटा. वीट न् वीट, बुरूज न् बुरूज. वरची खिडकी वर, तीच खिडकी खाली. वरचा बुरूज आभाळात घुसलेला, खालचा बुरूज खालच्या आभाळात. वरच्या किल्ल्याला खालच्या किल्ल्यानं तोलून धरलेलं.

सोपानराव बघत राहिले. जन्मभराची खाली बघायची सवय त्या काठावर कामी आली.

मग त्यांनी खिशातून फोन काढला. सारिकानं नंबर लावून दिला. कोरेगावात दिवे लागले होते. दिनकरचं तोंड पडद्यावर आलं, फार जवळून, निम्मं.

"आरं सोपानदादा! कुठनं रं?"

"फोन नीट धर. बघ."

"काय बघू?" मग त्यानं फोन लांब धरला. "आयला. ह्यो त्यो?"

"त्योच."

"पाण्यात हाय की रं."

"पाण्यात हाय, आन् उभा हाय."

"तू कसा गेलास तिथं?"

"सायकलनं."

"कुणाच्या मागं बसून?"

"कुणाच्या मागं न्हाई. चाकावर. बुवा चाकावर."

मग दिनकर खोकला, चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. "वहिनी जिंकली म्हनायची," तो म्हणाला. "पर खाली काय घातलंय रं? ते सांग की."

सोपानरावांनी पाण्याकडं पाहिलं. कोट शिवताना वरचं कापड कितीही भारी असो, नुसतं उभं राहत नाही, खांद्यावरून ढासळतं. आतून त्याला त्याच्याच मापाचं दुसरं कापड लागतं. बघणाऱ्याला ते दिसत नाही. त्याच्या जोरावरच कोट कोट राहतो.

"अस्तर," ते म्हणाले.

"आं?"

"किल्ल्याला अस्तर हाय, दिनकर. त्याच्याच मापाचं. खालनं."

"म्हंजे यंदा आपुन...?"

"यंदा करायचा. तूबी माती काढायला यायचं. वाऱ्याच्या आड करू, घराच्या भिंतीपाशी, तिची सायकल हाय तिथं. आन् पानी असं निवांत ठिवायचं, की रातीला पनत्या लागल्या म्हंजे पोरांस्नी दोन किल्ले दिसाय पायजेत."

"आन् सकाळी पडला तर?"

"पडला तर पडला. पुन्हा करू. मला पडायचं आता काय वाटत न्हाई."

फोन बंद झाला. सारिका त्यांच्याशेजारी येऊन उभी राहिली, तिचेही बूट हातात. तळ्यावरचे ढग फाटले, ऊन आलं. आडवं, लांबून आलेलं, सगळ्यांत आधी बुरुजाच्या टोकाला लागलेलं, मग भिंतीला, मग गवताला, मग दोघांच्या ओल्या पावलांना, आणि सगळ्यांत शेवटी पाण्याला.

पाणी पेटलं. वरच्या विटा लाल, खालच्या विटा लाल.

लव्हाळ्यांतून एक बदक निघालं. पाण्यावरून तिरकं गेलं, आणि त्याच्या मागोमाग किल्ला उसवत गेला. बुरूज सुटले, खिडक्या विखुरल्या, लाल धाग्यांचा गुंता झाला. सोपानराव जागचे हलले नाहीत. त्यांना घाई नव्हती. बदक पलीकडं पोचलं, पाणी निजलं, आणि टाक्याटाक्यानं, टाक्याटाक्यानं, किल्ला पुन्हा शिवला गेला.

वर किल्ला, खाली किल्ला. मधे पाण्याची एक सरळ, सरळ शिवण.